बाहुलीचा कौल

केतकी शिराळकरला चष्मा नव्हता, आणि मिरजेत दवाखान्यांच्या रस्त्यावर तिचं चष्म्याचं दुकान होतं. गिऱ्हाइकांना याची गंमत वाटे. काही जण स्पष्टच विचारत, की स्वतःला चष्मा लागत नाही त्या बाईला आमचं दुखणं काय कळणार. केतकी हसून त्यांच्या नाकावर फ्रेम ठेवायची आणि आरसा पुढे करायची. मग फ्रेमकडे न बघता त्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्यांकडे बघायची. फ्रेम मनापासून आवडली की बाहुली किंचित मोठी होते, हे तिला तिच्या वडिलांनी, अण्णांनी, शिकवलं होतं. माणूस तोंडानं "बघू अजून" म्हणत असला तरी बाहुली आधीच हो म्हणून मोकळी झालेली असते.

२०४४ साली ती अडतीस वर्षांची होती. दुकानाच्या वरच्या मजल्यावर ती आणि अण्णा राहायचे. धाकटा भाऊ ओजस गोंदियाला जनावरांचा डॉक्टर होता. आठवड्याचे सहा दिवस ती चष्मे विकायची आणि सातव्या दिवसाची वाट बघायची.

रविवारी रात्री आपल्याकडे साडेआठ वाजतात तेव्हा जपानात सोमवार लागतो. त्याच क्षणी तिथल्या एका मोठ्या मांगा साप्ताहिकाचा नवा अंक जगभर उघडायचा, तीसेक भाषांत, मराठीतसुद्धा. त्यात पंधरा-वीस चित्रकथा असत आणि प्रत्येकीचं एकोणीस पानांचं एक प्रकरण. मग पुढचा रविवार येईपर्यंत काय ते डोक्यात घोळवत बसायचं. दोघं भावंडं शाळेत असल्यापासून हे वाचत होती. मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात, त्यामुळे अण्णांना बरीच वर्षं वाटायचं की पोरं पुस्तक शेवटापासून वाचतात आणि म्हणूनच त्यांना गणित येत नाही.

केतकी तीन मालिका नेमानं वाचायची, पण जीव होता तो ‘वाऱ्याचं टपाल’वर. समुद्र चढून डोंगरांची फक्त टोकं उरलेली आहेत, त्या टोकांची बेटं झाली आहेत आणि बेटाबेटांवर पत्रं पोचवायला माणसं कापडी पंखांवरून उडत जातात, अशी ती गोष्ट. त्यात तोबे नावाचा म्हातारा टपालवाला होता. त्याच्या पिशवीत तीस वर्षं एकच पत्र पडून होतं, कारण ज्या बेटाचा पत्ता त्यावर होता ते बेट कुठल्याच नकाशात नव्हतं. मालिका अकराव्या वर्षात होती आणि ते पत्र अजून पोचलं नव्हतं.

साडेआठला दोघं वाचायला घेत. बरोबर नऊला ओजसचा फोन येई. नमस्कार-चमत्कार काही नाही. थेट "ताई, पान अकरा" इथूनच सुरुवात. कुठल्या चौकटीत पोटात गोळा आला, कुठला संवाद फसला, ढगामागे दिसलेली सावली कुणाची, यावर तासभर वाद चालायचा. ओजस दर आठवड्याला पुढचं भाकीत करायचा आणि ते दर आठवड्याला चुकायचं. एकदा त्यानं व्यायला आलेल्या म्हशीच्या गोठ्यातून फोन केला होता. केतकीनं त्याला आधी म्हशीकडे बघायला सांगितलं, तर तो म्हणाला की म्हैस निवांत आहे, तोबेचा पंख फाटलाय.

दोन वर्षांपूर्वी साप्ताहिकानं नवी वाचनपाटी आणली होती. कागदासारखी पातळ, गुंडाळून पिशवीत टाकता येईल अशी. तिच्या चार कोपऱ्यांतून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश यायचा आणि त्या प्रकाशात पाटी वाचणाऱ्याच्या बाहुल्या मोजायची, सेकंदाला दोनशे वेळा. अर्थात परवानगी घेऊन. केतकीनं सगळ्यांसारखीच अटी न वाचता ती देऊन टाकली होती.

बाहुली उजेडात लहान होते आणि अंधारात मोठी, हे कुणालाही माहीत असतं. पण ती उजेडाशिवायही हलते. मेंदूच्या देठात निळसर रंगाचा एक ठिपका असतो, तांदळाच्या दाण्यासारखा बारीक. काही अनपेक्षित घडलं की तो ठिपका सगळ्या मेंदूला जागं करतो आणि त्याच झटक्यात बाहुली अर्ध्या मिलिमीटरनं, कधी त्याहूनही कमी, रुंदावते. माणसाला हे थांबवता येत नाही आणि त्याचं सोंगही आणता येत नाही. पूर्वी वाचक पोस्टकार्डावर आवडनिवड कळवत. पाटीला ते न विचारता कळू लागलं.

तीन कोटी वाचकांच्या बाहुल्या मोजल्यावर साप्ताहिकाच्या लोकांना एक विलक्षण गोष्ट आढळली. बहुतेकांची बाहुली फक्त त्यांच्यापुरतं सांगते. पण काही मोजके वाचक असे होते, की आज त्यांना ज्यानं चकित केलं त्यावर तीन महिन्यांनी सगळं जग फिदा होत होतं. असं का, याचं पक्कं उत्तर कुणाकडेच नव्हतं. कदाचित गोष्टीचा धागा त्यांच्या हाताला इतरांच्या आधी लागत असावा. त्यांना अग्रवाचक असं नाव पडलं. ‘वाऱ्याचं टपाल’चे असे नऊ अग्रवाचक जगात होते, आणि नववी मिरजेत चष्मे विकत होती.

मार्चमध्ये एका दुपारी दुकानातच तिला तोक्योहून फोन आला. पाटीवर कुरात्सु नावाचे संपादक दिसले. पन्नाशीचे, थकलेल्या चेहऱ्याचे, फार अदबशीर. ते जपानीत बोलत आणि पाटी त्याचं मराठी करी. "आपल्या बाहुलीचे आम्ही ऋणी आहोत," असं पाटी म्हणाली तेव्हा आतल्या खोलीतून अण्णांनी विचारलं की कुणाची बाहुली हरवलीय.

कुरात्सुंचं मागणं साधं होतं. दर गुरुवारी पाच ते सातच्या दरम्यान केतकीला पुढच्या प्रकरणाच्या तीन आवृत्त्या येतील, पेन्सिलीनं काढलेल्या, कच्च्या. तिनं त्या फक्त वाचायच्या. ज्या आवृत्तीत नऊ जणांच्या बाहुल्या जास्त रुंदावतील ती पक्की होईल, चित्रशाळा ती शाईनं काढेल आणि दहा दिवसांनी रविवारी ती जगासमोर येईल. अट एकच होती. याबद्दल कुणापाशी अवाक्षर काढायचं नाही, घरच्यांपाशीसुद्धा.

केतकीनं क्षणभरही विचार केला नाही. पुढच्या रविवारची वाट बघण्यात जिचं अर्धं आयुष्य गेलं, तिला कुणीतरी रविवारच आणून हातात ठेवत होतं.

पहिले काही आठवडे तिचे पाय जमिनीवर नव्हते. गुरुवारी पाचला ती दुकानाचं दार लोटून घ्यायची आणि मागच्या बाकावर मांडी घालून बसायची. तीन आवृत्त्यांत एक वादळी असायची, एक कपटकारस्थानाची आणि एक साधी, संथ. तिन्ही वाचून उठली की समोरच्या औषधवाल्यालाही सांगावंसं वाटायचं, इतकं पोटात मावत नसे. पण सांगता येत नव्हतं. आणि नऊचा फोन तर यायचाच.

पहिल्यांदा तिनं आश्चर्याचं नाटक केलं तेव्हा तिला हसू आलं होतं. पाचव्यांदा करताना कंटाळा आला. ओजस हिरिरीनं भाकीत करायचा आणि तिला ते चूक आहे हे माहीत असायचं. ती "असेल" म्हणायची. पूर्वी ती म्हणाली असती, की मुळीच नाही, तुला काडीची अक्कल नाही, आणि मग पुढचा पाऊण तास मजेत गेला असता.

जुलैत तोबेचा पंख हवेतच पेटला, असं प्रकरण आलं. नऊला फोन वाजला. ओजस बराच वेळ एकटाच बोलला आणि मग थांबला.

"ताई, तू घाबरली नाहीस."

"घाबरले की."

"नाही. मागच्या वर्षी त्याला नुसता ताप आला होता तर तू रडली होतीस. आज म्हणालीस, छान काढलंय. तू हे आधी वाचलेलं असतंस. कसं ते मला माहीत नाही, पण वाचलेलं असतंस. हो ना?"

केतकी नाही म्हणाली. लहानपणापासून ओजसशी ती हजार वेळा भांडली होती, पण खोटं बोलली नव्हती. ते दोघांनाही कळलं. ओजसनं फोन जपून ठेवला, आदळला नाही. त्याचंच तिला जास्त लागलं.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही आला नाही. अण्णा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत आणि म्हणत, "नऊ वाजून गेले. ओज्या कुठं अडकला?" ती म्हणायची, त्याला काम असेल. तिनं स्वतःहून एकदोनदा मेसेज टाकले. त्यांना ओजसची उत्तरं आली, पण ती तब्येतीची आणि पावसापाण्याची. तोबेचं नाव त्यांत नव्हतं.

दरम्यान मालिकाही बदलत चालली होती. दर आठवड्याला काहीतरी फुटत होतं, कुणीतरी दगा देत होतं, मेलेला माणूस परत येत होता. एकदा दचकलेल्या माणसाला पुन्हा दचकवायचं तर आणखी मोठा आवाज करावा लागतो, तसं चाललं होतं. ऑगस्टच्या शेवटी कुरात्सुंनी तिला कळवलं की बाकीच्या आठ अग्रवाचकांच्या बाहुल्या जवळजवळ हलेनाशा झाल्या आहेत. त्यांच्या मताचा भार यंत्रानं आपोआप कमी करत नेला आहे. आता कौल एकट्या केतकीच्या डोळ्यांचा होता.

हे ऐकून तिला अभिमान वाटायला हवा होता. पण त्याच आठवड्यात एक गोष्ट घडली होती. दुकानात एक कॉलेजची मुलगी फ्रेम बघताना मालिकेबद्दल बोलू लागली आणि म्हणाली, "काल तोबेनं जे केलं ते बघितलंत ना?" केतकीला आठवेना. तिच्या डोक्यात तीन तोबे होते. एक दरीत कोसळला होता, एक शत्रूला सामील झाला होता आणि एक नुसता डोंगरावर चढत होता. यातला खरा कुठला, हे बघायला तिला पाटी उघडावी लागली. अकरा वर्षं ज्याच्या काळजीनं ती हैराण व्हायची, त्या माणसाचं काय झालं हे ती विसरली होती.

सप्टेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी ती वरच्या फळीवरून फ्रेमांचा खोका काढत होती. खोका निसटला आणि त्याचा कोपरा तिच्या उजव्या भुवईवर बसला. फार लागलं नव्हतं, पण डोळ्यासमोर काजवे चमकले म्हणून ती शेजारच्या डॉक्टर मुल्लांकडे गेली. रुखसाना मुल्ला म्हणजे तिच्या दुकानात निम्मी गिऱ्हाइकं धाडणाऱ्या नेत्रतज्ज्ञ. त्यांनी दोन्ही डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब घातले, आतला पडदा नीट तपासला आणि सगळं शाबूत असल्याचं सांगितलं. चार-पाच तास जवळचं दिसणार नाही, त्यामुळे आज कुणाचा नंबर काढू नकोस, असं बजावून त्यांनी तिला घरी पाठवलं.

ती दुकानात परतली तेव्हा सहा वाजले होते. तीन आवृत्त्या येऊन पडल्या होत्या. पाटी डोळ्यांपुढे धरली तर नुसतं धुकं. अक्षरं म्हणजे मुंग्यांच्या रांगा, चित्रं म्हणजे पावसात भिजलेला कागद. हात लांब केला, पाटी भिंतीला टेकवून दूर उभी राहिली, तरी जमेना. कळवून टाकावं असं तिला वाटलं, पण पत्र लिहायलाही दिसत नव्हतं आणि खोका डोक्यात पडल्याचं सांगायची लाजही वाटत होती. शेवटी, काम अंगावर घेतलंय तर करावं, एवढ्याच विचारानं तिनं तिन्ही आवृत्त्या पहिल्यापासून शेवटपर्यंत समोर धरून एकेक पान उलटलं. यंत्र ही नोंद बाद करेल अशी तिची खात्री होती. पण पाटीवर मोठ्या अक्षरांत आलं: नोंद मिळाली, आभारी आहोत.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की पुढच्या प्रकरणात काय आहे हे आपल्याला माहीत नाही. तिला हलकं वाटलं. नंतरचे दहा दिवस तिनं तो हलकेपणा कुणाला न सांगता जपला. मधल्या गुरुवारी आलेल्या आवृत्त्या तिनं उघडल्याच नाहीत. भुवई अजून दुखतेय असं कळवून टाकलं.

मग तो रविवार आला. साडेआठच्या आधी पाच मिनिटं ती पाटी घेऊन खिडकीत बसली.

त्या प्रकरणात स्फोट नव्हता. तोबे एका लहानशा बेटावर उतरतो. वर चढत जाणारी वाट आहे, टोकाला एक घर. सहा पानं तो नुसता चालतो, आणि वाऱ्यानं गवत वाकतं. तो दार वाजवतो. पिकल्या केसांची एक बाई दार उघडते. तिचा एक हात खरकटा आहे. तो तीस वर्षं वागवलेलं पत्र पुढे करतो. ती पाकीट उलटसुलट करून बघते, पाठवणाऱ्याचं नाव वाचते, आणि न फोडता फळीवर ठेवते. मग म्हणते, "आधी जेवून घ्या." तो पायरीवर बसतो आणि पायातले बूट काढू लागतो. संपूर्ण एक पान त्या बुटांचं होतं. शेजारी त्याचे उघडे, सुरकुतलेले, पांढरे पाय. पाचशे चाळीस प्रकरणांत ते कुणी बघितले नव्हते.

केतकी त्या पानावर थांबली. पोचला, असं तिनं स्वतःशीच म्हटलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती, आणि अण्णा दारात येऊन विचारत होते की पुन्हा डोळ्याला काही झालं का.

नऊला तिनं ओजसला फोन लावला. त्यानं उचलला नाही. तिनं पुन्हा लावला. तिसऱ्यांदा उचलला. मागे कुठेतरी रेडिओ चालू होता.

"तू म्हणालास ते खरं होतं," केतकी म्हणाली. "मार्चपासून मी आधी वाचत होते. सांगायचं नाही असं लिहून दिलं होतं, म्हणून तुझ्याशी खोटं बोलले." मग तिनं सगळं सांगितलं. बाहुल्या, तीन आवृत्त्या, आठ जणांचं थंड पडणं, खोका, थेंब.

ओजस ऐकत राहिला. शेवटी त्यानं एकच विचारलं.

"म्हणजे आजचं तुला माहीत नव्हतं?"

"नव्हतं. शप्पथ."

"बुटांचं पान?"

"नाही रे. काहीच नाही."

पलीकडे मग रेडिओ बंद झाल्याचं ऐकू आलं आणि खुर्ची ओढल्याचं.

"मग बोल ना," ओजस म्हणाला. "मी अर्धा तास एकटाच बसलोय इथं. पान चार. ते गवत."

त्या दिवशी ते पावणेदोन तास बोलले.

सोमवारी सकाळी केतकीनं स्वतःहून कुरात्सुंना फोन लावला. भावाला सगळं सांगितल्याचं कबूल केलं आणि थेंबांचंही. ती बोलणी खायची तयारी करून बसली होती. कुरात्सुंनी मात्र चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ डोळे चोळले. मग त्यांनी काय घडलं ते समजावलं. यंत्र बाहुलीचा आकार मोजत नव्हतं, आवृत्ती-आवृत्तीतला फरक मोजत होतं. औषधानं ताठ झालेली बाहुली तिन्ही वेळा तेवढीच राहिली, म्हणून निकाल बरोबरीचा लागला. बरोबरी झाली तर मालिकेच्या लेखिकेची मूळ आवृत्ती छापायची, असं एक जुनं कलम करारात होतं. ते आजवर कधी वापरावं लागलं नव्हतं.

"मूळ आवृत्ती म्हणजे?" केतकीनं विचारलं.

त्याचं उत्तर लेखिकेनं दिलं. हारुए मिनोबे दुसऱ्या दिवशी पाटीवर आल्या. छप्पन वर्षांच्या, बारीक अंगाच्या, बोटांना शाई लागलेली. त्यांनी सांगितलं, की तीन आवृत्त्यांपैकी एक त्या स्वतः मनापासून लिहीत आणि दोन साप्ताहिकानं सुचवलेल्या असत. मार्चपासून त्यांची स्वतःची एकदाही निवडली गेली नव्हती.

केतकीला लगेच आठवलं. ती साधी, संथ आवृत्ती. नुसता डोंगरावर चढत जाणारा तोबे.

"म्हणजे दर आठवड्याला मी तुम्हाला हरवत होते," ती म्हणाली.

"तुम्ही नाही, तुमची बाहुली," मिनोबे म्हणाल्या. "तिला फक्त दचकणं कळतं. मला वेगळं विचारायचंय. माझी आवृत्ती तुम्ही कशी वाचायचात?"

केतकी म्हणाली की आवडायची, पण तुलना करायला बसलं की बाकीच्या दोन जास्त उठून दिसत. कुरात्सुंनी मध्येच नोंदी उघडल्या. पाटी दर पानावर किती वेळ गेला हेही टिपून ठेवत होती, पण तो आकडा कुणी मागितलाच नव्हता. जो सावकाश वाचतो तो कंटाळला, असं यंत्र धरून चालायचं. त्यांनी एकेक गुरुवार वाचून दाखवला. वादळी आवृत्तीला सहा मिनिटं. कारस्थानाच्या आवृत्तीला सात. मिनोबेंच्या आवृत्तीला एकोणीस मिनिटं. पुढच्या गुरुवारी बावीस. त्याच्या पुढच्या गुरुवारी एकवीस, आणि शेवटची चार पानं मागे जाऊन दोनदा.

वाचता वाचता कुरात्सु थांबले. मिनोबेंनी मान खाली घातली होती. त्यांचे खांदे हलत होते. त्या रडताहेत असं केतकीला वाटलं, पण त्यांनी वर बघितलं तेव्हा त्या हसत होत्या. पाटीनं त्यांच्या बोलण्याचं भाषांतर केलं: सात महिने मला वाटत होतं, माझं कुणी वाचतच नाही.

यंत्राच्या हिशेबानं बुटांचं प्रकरण सपशेल पडलं होतं. जगभरच्या बाहुल्यांचा आलेख ओढलेल्या दोरीसारखा सपाट होता. पण त्या आठवड्यात लोकांनी ते पुन्हा पुन्हा उघडलं, आणि कित्येकांनी कागदावर पत्रं लिहिली. ती तोक्योच्या कचेरीत पोत्यांनी येऊन पडली. खऱ्या टपालानं आलेली इतकी पत्रं तिथल्या तरुण मंडळींनी कधी पाहिली नव्हती. कुरात्सुंनी ती पोती तशीच बैठकीत नेऊन ठेवली. पुढच्या बैठका लांबल्या, भांडणंही झाली असावीत, पण शेवटी ठरलं की ‘वाऱ्याचं टपाल’ची उरलेली प्रकरणं मिनोबे एकट्या ठरवतील. इतर मालिकांचं काय करायचं ते नंतर बघू, असं ठरलं, आणि ते अजून बघताहेत.

केतकीनं अग्रवाचकपद सोडलं. पाटीला दिलेली परवानगीही परत घेतली. या वेळी मात्र कागद सबंध वाचून. गुरुवार पुन्हा साधा गुरुवार झाला. आणि रविवारी साडेआठपर्यंत तिला काहीही माहीत नसायचं. ओजस भाकितं करायचा, ती त्याला अक्कल नाही म्हणायची, आणि अण्णा घड्याळ बघायचं सोडून त्यांचं भांडण ऐकत बसायचे.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये शेवटचं प्रकरण येणार असल्याचं जाहीर झालं. ओजसनं चार दिवस रजा टाकली. अर्जात कारण लिहिलं: कौटुंबिक कार्य. गोंदियाहून मिरजेपर्यंतचा सगळा प्रवास त्यानं मागची चाळीस प्रकरणं पुन्हा वाचण्यात घालवला आणि उतरल्याबरोबर, बॅगही न ठेवता, फलाटावरच बोलायला सुरुवात केली.

रविवारी रात्री दोघं बंद दुकानात उतरून मागच्या बाकावर शेजारी शेजारी बसले. दोघांच्या हातात दोन पाट्या. अण्णा ओजसच्या बाजूला खुर्ची टाकून बसले. एवढं काय आहे ते आपणही बघू, असं म्हणून त्यांनी ओजसच्या पाटीत डोकं घातलं. हा म्हातारा कोण, असं त्यांनी पहिल्याच पानावर विचारलं, तेव्हा दोघं एकदम सांगायला लागली आणि त्यात चार मिनिटं गेली.

शेवटापायी केतकीला धीर नव्हता, आज ती भराभर वाचत गेली. ओजस एकेका चौकटीवर रेंगाळायचा, त्यातून अण्णांना पाठचं-पुढचं समजावत होता. तो बाराव्या पानावर होता तेव्हा तिचं पान सोळा उलटून झालं. पुढे काय आहे ते तिनं बघितलं आणि हात तोंडावर धरला.

पाटी मांडीवर पालथी ठेवून ती ओजसकडे वळून बसली. तेरा. चौदा. त्याच्या ओठांची हालचाल होत होती, लहानपणी व्हायची तशी. पंधराव्या पानावर अण्णांनी काहीतरी विचारलं आणि त्यानं नुसता हात वर करून त्यांना थांबवलं. मग सोळावं पान. त्याचे डोळे वरच्या चौकटीवरून हळूहळू खाली सरकत होते. केतकी त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्यांवरून नजर न हलवता बघत राहिली. शेवटच्या चौकटीपाशी पोचून त्यानं पान उलटायला बोट उचललं, आणि तिनं श्वास रोखून धरला.